आईला पद हवं होतं

'अ' अननसाचा असतो हे मला बरंच उशिरा कळलं. आमच्या घरी तो अन्यायाचा होता. बाबा बँकेत होते, पण त्यांचा जीव युनियनच्या कामात. पिवळ्या-गुलाबी पातळ कागदावर छापलेल्या पत्रकांचे गठ्ठे दिवाणाखाली असायचे आणि रविवारी आम्ही तिघं जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि पत्रकात आणखी तिसरीच भाषा, जिच्यात प्रत्येक वाक्य मूठ वळून उभं असायचं. मला ती भाषा फार आवडायची. मोठी झाल्यावर मी तीच लिहायला लागले.

आई सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायची. गंगेकाठी संकठा घाटाच्या मागच्या गल्लीत आमचं घर, आणि तिथून शाळा चालत जाण्याइतकी जवळ. तिथले हेडमास्तर निवृत्त झाले ते झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. आई सगळ्यांत जुनी, म्हणून चार्ज तिच्याकडे. चार्ज म्हणजे काम सगळं हेडचं आणि पद साध्या शिक्षिकेचं. दुपारच्या जेवणाचा तांदूळ उतरवून घ्यायचा, ऑफिसच्या मीटिंगला जायचं, गळक्या छपरासाठी अर्ज करायचे, मोबाईलवर फोटो पाठवायचे आणि मधे वेळ मिळेल तसा तिसरीचा वर्ग घ्यायचा. वर्षानुवर्षं ती हे करत होती. कधी तक्रार केली नाही. तिला काही नकोच आहे, असा अर्थ बाबांनी आणि मी त्यातून काढला होता.

मग एका हिवाळ्यात बातमी आली की अडलेल्या बढत्या आता होणार. आई सेवाज्येष्ठतेत वर होती, तिचा नंबर नक्की होता. त्या आठवड्यात तिने स्वतःसाठी दोन सुती साड्या घेतल्या. आम्हाला सांगितलं, सेल होता. पाठोपाठ दुसरी बातमी आली. नियम बदलला होता. हेड व्हायचं तर शिक्षक पात्रता परीक्षा पास असायला हवी, आणि हे सगळ्यांना लागू. जे नोकरीला लागले तेव्हा अशी काही परीक्षा अस्तित्वातच नव्हती, त्यांनाही. आईच्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती.

माझं डोकं फिरलं. आजही फिरतं. एखाद्या बाईने आयुष्यभर मुलं शिकवावीत, शाळा एकटीने ओढावी आणि शेवटी तिला सांगावं की तुला शिकवता येतं का हे आम्ही आता तपासणार. मी एका बसणीत पत्रक लिहून टाकलं. शिक्षक संघटनेने परीक्षेवर बहिष्काराचं ठरवलंच होतं, त्यांना ते पसंत पडलं. त्यात एक वाक्य होतं, ज्याचा मला विशेष अभिमान होता: आम्हाला पद नको, न्याय हवा. आणखी एक होतं, की जो या परीक्षेला बसेल तो स्वतःच्या सेवेचा अपमान स्वतःच्या हाताने लिहून देईल.

संध्याकाळी मी ते घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी दोन ठिकाणी शब्द बदलायला सांगितले आणि नंतर खूश होऊन गप्प बसले. आई निमोन्याच्या आमटीसाठी मटार सोलत होती. मी तिला विचारलं, कसं वाटलं. ती म्हणाली, चांगलं आहे, आवाज चांगला आहे तुझा. मग म्हणाली, त्यात 'एक ज्येष्ठ शिक्षिका' असं आहे ती मी असेन तर काढून टाक. मी म्हटलं, नाव कुठे आहे. ती म्हणाली, नाव नसलं तरी मी आहे ना.

मी ते काढलं नाही. उदाहरण फार चांगलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी धरणे आंदोलनाच्या तयारीच्या बैठकीतून जरा लवकर घरी आले. आतल्या खोलीत आई आणि तिच्या शाळेतली धाकटी शिक्षिका चटईवर बसल्या होत्या. ही मुलगी माझ्याहून फार मोठी नाही. नव्या भरतीतली, त्यामुळे परीक्षा पास होऊनच नोकरीला लागलेली. नियम असाच राहिला तर आईला ओलांडून पुढेमागे हेड होऊ शकणारी त्या शाळेत ती एकटीच. पत्रक लिहिताना मी तिला मनातल्या मनात विरुद्ध बाजूला उभं केलं होतं. आणि ती आमच्या चटईवर मांडी घालून माझ्या आईला उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे कसे करायचे ते दाखवत होती. आई प्रत्येक गोल रांगोळी भरावी तसा कडेकडेने सुरुवात करून भरत होती, आणि ती म्हणत होती, "दीदी, इतने प्यार से भरेंगी तो आधे सवाल छूट जाएँगे."

मला पाहून दोघी थांबल्या. चोरी पकडल्यासारखी ती मुलगी उठायला लागली, तर आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी आईला मराठीत विचारलं की हे काय चाललंय. आम्ही मराठीत बोलायला लागलो की बाहेरच्या माणसाला कळत नाही असं आम्हाला उगाच वाटतं. त्या मुलीला सगळं कळत होतं. मी बरंच बोलले. बहिष्कार काय असतो, एकाने तोडला की बाकीच्यांचं काय होतं, उद्या ऑफिसवाले तुझंच नाव पुढे करतील की बघा, त्या बसल्या ना. आई ऐकत राहिली. आईला वर्गाचं इतकं ऐकायची सवय होती की ती माणसाला पूर्ण बोलू द्यायची, आणि त्यामुळे माणूस शेवटी आपोआपच ओशाळा व्हायचा.

मग ती म्हणाली, "नियम चुकीचा आहे. तुझं पत्रक बरोबर आहे. फक्त त्यात एक वाक्य खोटं आहे."

"कोणतं?"

"आम्हाला पद नको. मला हवंय."

तिने ते इतक्या साधेपणाने म्हटलं, जसं कुणी म्हणावं, मला आणखी थोडी आमटी हवी. आमच्या घरात हवंय हा शब्द नेहमी लोकांसाठी वापरला जायचा. कामगारांना हवंय, शिक्षकांना हवंय. एका माणसाला, त्यातून आईला, स्वतःसाठी काही हवं असतं हे आम्ही कधी छापलं नव्हतं.

ती म्हणाली, दर मीटिंगला मागच्या रांगेत बसते, पुढच्या खुर्च्या हेडसाठी असतात. इतकी वर्षं म्हणत आले की मला काय करायचंय खुर्ची. आता असं म्हणायचा कंटाळा आलाय. मग म्हणाली, आणि तुझ्या बाबांना मी सांगेन, तू सांगू नकोस, तू सांगितलंस की भाषण होतं.

माझा राग गेला नाही, पण मी चटईवर बसले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मी प्रश्न वाचायचे, आई उत्तर सांगायची आणि धाकटी शिक्षिका बरोबर की चूक ते बघायची. आईचं गणित पक्कं, हिंदी पक्कं, दुसऱ्या भाषेला तिने संस्कृत घेतलं होतं आणि ते तिला माहेरच्या घरात कानावर पडूनच येत होतं. घोटाळा व्हायचा तो मुलांबद्दलच्या प्रश्नांत. मूल सतत वर्गाबाहेर बघत असेल तर शिक्षिका काय करेल, असा प्रश्न आणि खाली चार पर्याय. आई म्हणायची, खिडकीबाहेर काय आहे ते कुठे सांगितलंय. धाकटी म्हणायची, "दीदी, परीक्षा में खिड़की नहीं होती." आणि दोघी हसत सुटायच्या.

मग एक प्रश्न आला. मूल घरच्या भाषेत उत्तर देतं, तर शिक्षिकेने काय करावं. आईने पटकन सांगितलं, त्याला प्रेमाने शुद्ध हिंदीत पुन्हा म्हणायला लावावं. धाकटीने मान हलवली. बरोबर उत्तर होतं, उत्तर आहे तसं स्वीकारून बोलणं पुढे न्यावं.

मी लगेच उसळले. हेच बघ, म्हटलं, ज्यांनी कधी वर्ग घेतला नाही ते बसून हे ठरवतात. आईने मला हाताने थांबवलं. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत होती. नंतर तिने जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती पहिलीत असताना तिला हिंदी येत नव्हतं. उन्हाळ्यात वर्गात उभं राहून तिने म्हटलं, बाई, मला तहान लागलीय. बाईंनी, त्या वाईट नव्हत्या, तिला ते हिंदीत म्हणायला लावलं. तिला येईना. मुलं हसायला लागली. नीट म्हटल्यावरच पाणी मिळालं. त्या दिवसापासून ती शाळेत पाणी मागायचीच नाही, घरी येऊन प्यायची.

"आणि मी तेच करते," आई म्हणाली. "भोजपुरीत काही म्हणालं पोर की मी म्हणते, हिंदीत म्हण, मग देते. इतकी वर्षं. मला वाटायचं त्यांच्या भल्याचं करतेय."

धाकटीने पुस्तक मिटलं आणि चहा ठेवायला उठली, आमच्या घरात, आमचंच आलं शोधत. मी आईजवळ सरकले. तिचा हात शाईने काळा झाला होता, गोल भरून भरून. मी तो हातात घेतला तर ती म्हणाली, सोड, तुझ्या कुर्त्याला लागेल.

नियमाबद्दलचं माझं मत त्या दुपारी बदललं नाही. जुन्या माणसांवर मागून लादलेली अट ही अन्यायच असते, आणि त्या अटीच्या पुस्तकात एक चांगली गोष्ट सापडली म्हणून ती न्याय्य होत नाही. पण माझ्या पत्रकात मी असंही लिहिलं होतं की ही परीक्षा आमच्या शिक्षकांना काय शिकवणार. त्या वाक्याचं काय करायचं ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

बाबांना आईने खरंच स्वतः सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत, म्हणजे नीट जेवले, वेळेवर गोळ्या घेतल्या आणि बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला विचारलं की परीक्षा केंद्र कुठे आलंय. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इंटर कॉलेजात होतं. ते म्हणाले, तिकडे त्या दिवशी जाम असतो, रिक्षा मिळणार नाही, मी स्कूटरवर सोडतो.

केंद्राच्या फाटकाशी संघटनेची माणसं उभी होती. आत जाणाऱ्या शिक्षकांना पत्रक देत होती, माझं. मी बाबांच्या मागोमाग कशीबशी रिक्षा मिळवून पोचले तेव्हा आई स्कूटरवरून उतरत होती. बाबांचा एक जुना साथीदार पुढे झाला. त्याने बाबांना ओळखलं, आईला ओळखलं, त्याचा हात पत्रकासकट हवेतच राहिला. बाबा हेल्मेटचा पट्टा सोडवण्यात फार गुंतून गेले. आईनेच हात पुढे करून पत्रक घेतलं. म्हणाली, "लाइए भैया, बिटिया का लिखा है." आणि ते पर्समध्ये ठेवून, काळं पेन तपासून, ती आत गेली.

फाटकाबाहेर आम्ही तीन तास होतो. त्या जुन्या साथीदाराने बाबांना काहीतरी सुनावलं असावं, कारण दोघं लांब जाऊन उभे राहिले. पण थोड्या वेळाने बघते तर ते दोघं एकाच बाकावर बसून शेंगा खात होते.

आई पास झाली. थोडक्यात झाली, पण झाली. बढतीचा आदेश निघायला आणखी बराच काळ गेला आणि निघाला तेव्हा त्यात शाळा दुसरी होती, गंगेपलीकडची, रामनगरच्याही पुढे. हे आम्ही कुणी धरलं नव्हतं. इतकी वर्षं जी आपली शाळा म्हणून तिने सगळं केलं, ती तिला मिळालीच नाही. जुन्या शाळेचा चार्ज त्या धाकटीकडे गेला. बाबा म्हणाले, नाकार, आपण लढू. मीही म्हणाले. आईने त्या रात्री फार कमी खाल्लं. सकाळी ती म्हणाली की लढायचं तर तुम्ही लढा, चांगलं लढा, पण मी सोमवारी हजर होतेय.

सोमवारी आम्ही दोघं तिच्याबरोबर निघालो. तिने नको म्हटलं होतं. पूल ओलांडून, रामनगर मागे टाकून, मोहरीच्या शेतांतून रस्ता गेला आणि एका चहाच्या टपरीशी तिने रिक्षा थांबवली. शाळेचं फाटक तिथून दिसत होतं. ती उतरली, पदर नीट केला आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा. हेडला सोडायला नवरा आणि मुलगी आली असं दिसलं तर बरं दिसत नाही."

मग ती चालत गेली. वाटेत दोन पोरं तिला बघून थबकली आणि तिच्या मागे मागे चालायला लागली. फाटक नुसतं लोटलेलं होतं, अजून कुणी शिक्षक आलेला दिसत नव्हता. ती आत दिसेनाशी झाली. बाबांनी मातीच्या पुरव्यातला चहा घेतला, पण ते तो पीत नव्हते. थोड्या वेळाने आतून घंटा वाजली, चांगली जोरात, आणि शेतातून, गल्ल्यांतून, हातपंपाजवळून पोरं धावत सुटली.

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. "जरा लवकरच वाजवली," ते म्हणाले, आणि चहाचा पहिला घोट घेतला.