कमलबाईंच्या ओट्यावरचा चाकू

पुसेगावचे अमृतराव खिल्लारे हातानं चाकू घडवतात. त्यांचे चाकू पुण्याला जातात, बंगळुरूला जातात, एक तर दुबईला गेला. तिथून गिऱ्हाइकानं फोटो पाठवला. चाकू काचेच्या कपाटात, वर छोटा दिवा लावलेला. अमृतरावांनी तो फोटो गावभर दाखवला. त्या चाकूनं काय कापलं, असं कुणी विचारलं नाही, आणि विचारू नये अशीच त्यांची इच्छा होती. कारण पुढचा प्रश्न आला असता, की घरी कशानं कापता?

घरी विळीनं कापत.

अमृतराव एसटीच्या वर्कशॉपात हेड मेकॅनिक होते. गाडी बाहेर पडण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि काहीतरी चूक काढायची, हे त्यांचं जन्मभराचं काम. चूक सापडली नाही तर त्यांना जेवण गोड लागत नसे. ते रिटायर झाले तेव्हा घरच्यांना एकच काळजी. आता हा माणूस कुणाभोवती फेऱ्या मारणार? पण त्यांना चाकूचं वेड लागलं आणि घर वाचलं. घरामागं पत्र्याचं शेड उभं राहिलं. भंगारातून ट्रकचा जुना पोलादी कमानपाटा आणायचा, भट्टीत लाल करायचा, ठोकायचा, तेलात विझवायचा, घासायचा, बाभळीची मूठ बसवायची. मग धार बघायला पातं स्वतःच्या हातावरून फिरवायचं. त्यांच्या डाव्या हातावर आता औषधालाही केस उरलेला नाही. मुलगी शीतल नांदेडला असते. तिनं फोनवर फोटो टाकले आणि गिऱ्हाइकं येऊ लागली.

त्यांच्या बायकोचं, कमलबाईंचं, चाकूशी काही वाकडं नव्हतं. त्या फक्त तो वापरत नसत. पाटावर बसायचं, विळी पायाखाली दाबायची आणि शेजारणीशी बोलत बोलत, खाली न बघता कांदा बारीक चिरायचा. भीमजयंतीच्या जेवणालासुद्धा गल्लीतल्या सगळ्या बाया आपापली विळी काखेत मारून विहाराच्या अंगणात येत आणि रांगेनं बसत. एका वर्षी अमृतरावांनी तिथं मोठ्या थाटात आपले चाकू नेऊन दिले. बायांनी त्या चाकूंनी तेलाचे डबे फोडले.

"भाऊजी, डबा कसा पटकन फुटला बगा!" एकीनं मनापासून तारीफ केली. अमृतरावांनी चाकू गोळा केले आणि जेवायला न थांबता घर गाठलं.

मग कमलबाईंचे गुडघे गेले. हिंगोलीच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरली आणि सांगितलं, मावशी, जमिनीवर बसणं आता बंद, स्वयंपाक उभ्यानं ओट्यावर करायचा. कमलबाईंचं तोंड उतरलं. अमृतरावांनी मान खाली घातली, ती हसू लपवायला. येताना त्यांनी बसस्टँडवर जिलबी घेतली.

घरी शेजारचे व्यंकटराव चौकशीला आले. पुढ्यात जिलबी आल्यावर त्यांनी विचारलं, "हे कशाचं, अमृतराव?"

"हिचे गुडघे गेले!" अमृतराव आनंदानं म्हणाले आणि मग जीभ चावली.

"माज्या गुडघ्याची जिलबी वाटून राहिले का तुमी?" कमलबाई म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी दोन उचलल्या. दुखणं त्यांचं होतं, तेव्हा पहिला मान त्यांचाच.

अमृतरावांनी बाहेरची सगळी कामं थांबवली. दुबईवाल्याच्या भावाला चाकू हवा होता, त्याला कळवलं की सध्या घरचं काम चालू आहे. चाकू तयार झाला तो देखणाच झाला. तो त्यांनी कमलबाईंच्या हातात दिला आणि शेजारी उभे राहिले. बोटं आत वळव. मूठ अशी नाही, अशी धर. टोक फळीवरून उचलू नको. टमाटा कापला की लगेच पूस, याला गंज चढतो. घासणी लावायची नाही. कमलबाईंनी एक टमाटा कापला. अमृतरावांनी फोडी तपासल्या आणि एक बाजूला काढली.

"ही जाड झाली."

दुसऱ्या दिवशी विळी ओट्यावर दिसली. अमृतरावांनी विचार केला आणि त्यांना कळलं की दोष मुठीत आहे. त्यांनी बारीक मुठीचा चाकू केला, पुन्हा शेजारी उभं राहून सगळं शिकवलं, आणि पुन्हा विळी आली. मग दोष वजनात निघाला, मग पात्याच्या लांबीत. चूक शोधायची त्यांना सवयच होती, त्यामुळे ती प्रत्येक चाकूत सापडली.

विळी मात्र पायाखाली दाबायची वस्तू. कमलबाई ती ओट्यावर ठेवून कोपरानं दाबत आणि ती सरके. एका सकाळी अमृतराव आत आले तर कमलबाईंच्या अंगठ्याला चिंधी होती, चिंधी लाल झाली होती आणि त्या तशाच वांगी चिरत होत्या. अमृतरावांनी आधी चिंधी बघितली. मग राग आला.

"माजा चाकू एवढा वाईट हाय का?"

"न्हाई. लई चांगला हाय. लोन्यावानी चालतो."

"मग काहून वापरत न्हाईस?"

कमलबाईंनी वांगं खाली ठेवलं. "चाकू एकला येत न्हाई ना. त्येच्यामागं तुमी येता. सासूनं बी कधी मला चुलीपाशी शिकवलं न्हाई. घरात एवडी एकच जागा हाय जिथं कोनी माजी चूक काढत न्हाई. विळी गप बसती. मला तेवडंच पाह्यजे."

 अमृतरावांना एवढंच दिसलं, की चिंधी सैल बांधली आहे. ते त्यांनी गिळलं. कमलबाईंसाठी केलेला पहिला चाकू ओट्यावर ठेवला आणि ते शेडमध्ये जाऊन बसले.

थोड्या वेळानं आतून फळीवर टकटक सुरू झाली. टोक उचललं जात होतं, हे त्यांना आवाजावरूनच कळलं. ते उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. पुन्हा उठले. शेवटी काम नसताना त्यांनी ग्राइंडर चालू केला, म्हणजे ऐकू येणार नाही.

पुढं एकदा पाणी प्यायला म्हणून ते आत गेले. चाकू मोरीत ओला पडला होता. पात्याला टमाट्याची साल चिकटलेली, घासणीचे ओरखडे, आणि मुठीजवळ गंजाचा तांबूस डाग. आपल्या एकाही चाकूची अशी दशा त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी चाकूकडं हात नेला. कमलबाई वळून त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या.

"काय?"

"पानी प्यायला आलतो," अमृतराव म्हणाले. तांब्याभर पाणी प्यायले आणि गेले.

त्या दिवसापासून अमृतरावांना तहान फार लागते. कितीदा तरी ते घरात येतात, माठापाशी उभे राहतात, मोरीकडं एक नजर टाकतात आणि पाणी पिऊन परत जातात. गंज वाढतोच आहे. कमलबाईंचा अंगठा मात्र बरा झाला.