गळ्याभोवतीची रेघ

पावसाळा सरला की तारापूरकडच्या आमच्या माहीमच्या वाडीत माणसाची सत्ता उरायची नाही. सातबाऱ्यावर नाव माझं, पण आश्विनात सकाळी पाटाला पाणी सोडायला निघालो की पावलापावलाला कोणीतरी आडवं. केळीच्या आळ्यात गोगलगाई, ओल्या पाल्याखाली वेटोळं करून पडलेले पैसा किडे, पानवेलीच्या मांडवावर नाकतोडे. पेरूच्या फांदीवर पानं शिवून घरं केलेल्या तांबड्या मुंग्या, त्यांना आम्ही ओंबील म्हणतो. आणि दोन पोफळींच्या मध्ये, बरोबर माझ्या तोंडाच्या उंचीवर, कोळ्याचं जाळं. मधोमध तो काळा, पिवळ्या पट्ट्यांचा, पाय ताणून बसलेला.

ते जाळं रोज सकाळी माझ्या मिशीला चिकटायचं. खाली वाकून गेलो असतो तर चिकटलं नसतं. पण माझी वाडी, माझी वाट. वाकायचं असेल तर कोळ्याने वाकावं, असं माझं म्हणणं.

शाळेत मी दोन पावसाळे गेलो. तिसऱ्या पावसाळ्यात वडलांनी हातात खुरपं दिलं. वाचता येतं, लिहायला वेळ लागतो. हे लिहायलाही लागला. पण मी सांगतो तसंच झालं, कमीजास्त काही नाही. तिकडे तारापूरला समुद्रकाठी मोठं बांधकाम सुरू झालं होतं आणि इथली तरणी माणसं तिकडे कामाला जायला लागली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. मलाही चारचौघांनी चल म्हटलं होतं. मी नाही गेलो. दुसऱ्याच्या भोंग्यावर उठणारा माणूस मी नव्हे.

दिवे लागले की आम्ही नवराबायको ओटीवर कंदील टांगून विड्याची पानं लावायला बसायचो. मोठी पानं एकीकडे, लहान एकीकडे, देठ सारखे करून रचायची आणि केळीच्या सुकलेल्या सोपटाने बांधायची. त्या दिवसांत कंदिलाभोवती किड्यांची जत्रा भरायची. मी उघड्या अंगाने बसायचो, गळ्यात तेवढा पंचा. मानेवर काही वळवळलं की पंचाने जागच्या जागी चिरडायचं आणि पुढचं पान घ्यायचं. हात थांबवायची मला सवय नव्हती.

एका सकाळी उठलो तर डाव्या कानाखाली आग होत होती. तापलेली तार टेकवावी तशी. हात लावला तर बोटभर लांबीची रेघ, तिच्यावर बारीक बारीक फोड.

बायकोने पाहिलं. "आवो, मानेला काय झालं?"

"कोळी मुतला."

आमच्याकडे अंगावर जळजळणारे फोड उठले की ते कोळ्याचंच काम, ह्यात कोणी शंका घेत नसे. मी बांबू उचलला आणि वाडीतलं एक जाळं ठेवलं नाही. पोफळीतली तोडली, केळीतली तोडली, विहिरीच्या रहाटावर एक इवलंसं होतं तेही तोडलं. घामाघूम होऊन आलो तर बायको ओटीवर उभी.

"झाली लढाई?"

"झाली."

"रोज त्याच्या घरात तोंड तुमी घालता, नि राग त्याच्यावर?"

मी बांबू ओटीखाली सारला.

दोन दिवसांनी रेघ वाढली. कानाखालून निघून मानेच्या मागे गेली. जाळी सगळी तोडलेली, मग आता कोण मुतलं?

आमच्याकडे न्हावी आठवड्याने वाडीत यायचा. चिकूखाली मला पाटावर बसवायचा आणि गावच्या बातम्या सांगत दाढी करायचा. त्या दिवशी त्याने पंचा खाली ओढला आणि त्याचा वस्तरा हवेतच राहिला.

"ही कधीपासून हाय?"

"चार दिवस. कोळी मुतला."

"कोळी नाय हा. ही नागीण." त्याने आवाज उतरवला. "ही अंगाला फिरते. तोंड नि शेपूट एक झालं का माणूस..." त्याने वस्तरा पाण्यात बुडवला. "गेरूची काव लावून घ्या. माझा मामा लावतो, मंतर पन घालतो. उद्या घेऊन येऊ?"

"तू दाढी कर," मी म्हटलं. "मंतर घालायला मी काय गाभण म्हैस हाय?"

तो हसला. मीही हसलो. पण तो गेल्यावर मी विहिरीकडे गेलो, सोपटाची एक दोरी काढली, कानाखाली टोक धरून रेघ जिथे संपत होती तिथे गाठ मारली.

नागीण म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. अंगाला पुरता वेढा पडला की माणूस जातो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. कमरेला निघाली तर वेढा मोठा, वेळ मिळतो. माझी गळ्याला निघाली होती. गळ्याचा घेर तो केवढा?

रोज सकाळी विहिरीमागे जाऊन मी दोरी लावायचो. रोज नवी गाठ, जुनीच्या पुढे. मानेच्या मागून ती उजव्या कानाखाली आली, तिथून गळ्यावर उतरली. घरात कोणाला दिसू नये म्हणून मी पंचा आवळून बांधायला लागलो, दिवसाही. बायको धुवायला मागायची, मी द्यायचो नाही.

"वास येतो त्याला."

"येऊ दे. कष्टाचा आहे."

दिवसभर मी काम करायचो, पण मन कामात नसायचं. दोन मुली, थोरली नुकती पाटावरून उडी मारायला शिकलेली, धाकटी अजून ओटीची पायरी बसून उतरणारी. त्या वर्षी लावलेली पानवेल माझ्या खांद्याएवढीही चढली नव्हती. तिला बांधायचं कोणी? भाऊबंद वाडीवर टपलेलेच. बायको पंचविशीचीही नसेल. मी पाणी सोडायचो आणि ते शेवटच्या आळ्यापर्यंत पोचेतो तिथेच बसून राहायचो. एरवी मी असा बसत नसे. बांबूने तोडलेली जाळी कोळ्यांनी पुन्हा विणली होती, ती तोडायचंही मला सुचलं नाही.

शेवटच्या गाठीनंतर कानाखालच्या टोकापर्यंत दोन बोटांची जागा उरली होती.

वाडीला लागून आमचा भाताचा लहानसा तुकडा होता. कापणीला डोंगराकडच्या गावातून एक म्हातारी यायची. माझ्या आईच्या वेळेपासून यायची. वय तिचं तिलाही माहीत नव्हतं, विळा मात्र माझ्यापेक्षा जोरात चालायचा. त्या दुपारी बायको भाकरी घेऊन आली. मी बांधावर बसलो आणि कनवटीला खोचलेली दोरी तिच्या पुढ्यात पडली.

बायकोने ती उचलली. "ह्या गाठी कसल्या?"

"पोफळीचा घेर मोजत होतो."

"एवढुशी पोफळ?"

म्हातारी भाकरी चावता चावता हसली. बायको हसली नाही. तिने दोरीकडे पाहिलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं, आणि मी काही म्हणायच्या आत पंचा हिसकला.

तिच्या काखेतली भाकरीची टोपली खाली गेली. तिलाही नागीण ठाऊक होती. ती तिथेच चिखलात बसली. "मला सांगितलं का नाय?" एवढंच म्हणाली. माझ्याशी दुसरं कोणी इतक्या हळू आवाजात कधी बोललेलं नाही.

म्हातारी उठली. जवळ आली, माझी हनुवटी धरून मान इकडे वळवली, तिकडे वळवली, बैलाचे दात बघावेत तशी.

"शेट, कोन बोलला ही नागीण?"

"न्हावी."

"त्याला केस कापू दे." तिने आपलं कोपर माझ्या नाकासमोर धरलं. तिथे तसलीच रेघ, सुकत आलेली. "मला हाय. माझ्या सुनेला पापनीवर हाय. भात पिकला का येतो हा." मग ती वाकली, कापलेल्या भाताच्या बुडख्यांत बोटं फिरवली आणि एका काडीवर काहीतरी उचलून आणलं.

मुंगीएवढा किडा. बारीक, लांबट. डोकं काळं, मधलं अंग तांबडं, शेपूट वर करून काडीवर धावत होता. मी त्याला ओळखत होतो. कंदिलाखाली असले शेकडो मी चिरडले होते.

"याला मारायचा नाय. फुकून टाकायचा. आज चिरडला का त्याचा रस लागतो, नि उद्या फोड उठतो." तिने काडीवर फुंकर मारली, किडा गेला. "तू कशाने चिरडतो?"

बायकोने हातातला पंचा वर केला. त्यावर तांबडेकाळे डाग होते, कितीतरी दिवसांचे. तोच पंचा मी रेघ झाकायला गळ्याभोवती आवळत होतो. मी झाकत गेलो आणि ती वाढत गेली.

म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. "शेट, तूच नागीन नि तूच तिचा गारुडी!"

बायको तडक विहिरीवर गेली. पंचा दगडावर आपटल्याचे आवाज शेतापर्यंत येत होते. त्यातले काही आवाज माझ्यासाठी होते हे मला कळत होतं.

माझा विश्वास लगेच बसला असं नाही. एका किड्यापायी मी एवढा घाबरलो हे कबूल करणं नागिणीपेक्षा जड होतं. मी दोरी परत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मोजलं, दोन बोटं. तिसऱ्या दिवशी, दोन बोटं. चौथ्या दिवशी बायकोच म्हणाली, "आणा इकडे, मी मोजते." तिने मोजलं. दोन बोटं. आणि कानाखाली, जिथे पहिली आग झाली होती, तिथली खपली तिच्या नखाला लागून सुटली. खाली कोवळी, गुलाबी कातडी.

त्या दुपारी मी सुक्या बोंबलाच्या कालवणाबरोबर किती भाकऱ्या खाल्ल्या ते बायको अजून सांगते, दर वेळी एक वाढवून. मग चिकूखाली झोपलो. पाणी सुटून शेजाऱ्याच्या वाडीत गेलं, त्याने हाका मारल्या, मला ऐकू आल्या नाहीत. इतका निश्चिंत मी पुढे मुलींच्या लग्नानंतरही झोपलो नाही.

न्हावी आठवड्याने आला. मान बघून छाती फुगवून म्हणाला, "उतरली ना? मामाने घरूनच मंतर घातला तुमच्यासाठी." मी त्याला खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पंचाचंही सांगावं लागलं असतं.

ओटीवर कंदिलाखाली बसताना मी आता सदरा घालायला लागलो. किडा बसला की फुंकर. बायको मान वर न करता म्हणायची, "जोरात फुका, नागीण जाईल."

अशाच एका सकाळी पाणी सोडायला निघालो. दोन पोफळींच्या मध्ये जाळं, त्यावर दव, मधोमध तो पिवळ्या पट्ट्यांचा. ज्याने माझं काहीच बिघडवलं नव्हतं. मागे बायको होती की नाही ते आधी वळून पाहिलं. नव्हती. मग मी वाकलो आणि जाळ्याखालून गेलो.

"पाह्यलं हां मी," विहिरीकडून आवाज आला.