अण्णांचा पीसी आणि माझं इंजिनिअरिंग

चहा आधी पिऊन घ्या. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि खुर्ची माझी खराब झाली. मधुराचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं असं, की मी आयुष्यात गाढवपणे पुष्कळ केलेत, पण याच्यापुढे बाकीचे सगळे अगदीच बाळबोध वाटतात. काय करणार? माणूस कशात ना कशात पहिला यायचाच.

आम्ही मूळचे पुण्याचे. सहा वर्षं झाली बंगळुरूत. ऑफिस हेब्बाळला, घर मल्लेश्वरमला, पहिल्या मजल्यावर. आणि घरात टीव्हीखाली माझा लाडका गेमिंग कन्सोल. सोफ्यावर पाय पसरायचे, कंट्रोलर हातात घ्यायचा, बटण दाबायचं आणि गाडी पळवायची. सुख सुख म्हणतात ते आणखी काय असतं हो?

पण सुखी माणूस ऑफिसात कुणाला बघवतो का? जेवणाच्या टेबलावर सगळे पीसीवाले. "सुहास, तू अजून कन्सोलवर?" हे असं विचारायचे, जणू मी अजून बाटलीनं दूध पितोय! पीसीवर चित्र कसं काचेसारखं दिसतं, गवताचं पातं न् पातं कसं हलतं... ऐकून ऐकून मला माझ्या गेममधलं गवत सुकल्यासारखं दिसायला लागलं.

चार महिने मी ठरवत होतो. रोज व्हिडिओ बघायचो. एक जण सांगायचा, शहाणे असाल तर पीसी घ्या. पटायचं. पुढचा सांगायचा, मूर्ख असाल तर पीसी घ्या. तेही पटायचं.

मधुरा वैतागली. "मला बघायला आलास तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होतास!"

"म्हणूनच तर आता सावध झालोय," मी म्हणालो.

त्या दिवशी पोहेसुद्धा माझे मलाच करावे लागले.

शेवटी मी तळमजल्यावरच्या कल्लाप्पा अण्णांना गाठलं. अण्णा खानापूरकडचे. घरी मराठी, दारात कन्नड. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात ते यंत्राचे भाग मोजतात. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक ते बोटानं सांगतात! दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या, तेव्हा घर खायला उठलं म्हणून अण्णांनी एक एक भाग निवडून स्वतः पीसी जोडला. त्यावर ते विमानं चालवतात. पन्नाशी ओलांडलेला, कपाळाला विभूती लावलेला हा माणूस रोज संध्याकाळी धुक्यात विमान उतरवतो.

"अण्णा, मी काय करू?"

"त्यात काय गा एवढं?" अण्णा म्हणाले. "महिनाभर अदलाबदल करूया की. माझा पीसी तू ने, तुझं ते खोकं मला दे. ह्या मानेनं मला खुर्चीत बसवत नाही हल्ली. स्वल्प दिवस सोफ्यावर बसून खेळून बघतो."

बघा, काय माणूस! स्वतःच्या हातानं जोडलेली वस्तू, पण एका शब्दात देऊन मोकळा.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी पीसी वर आणला. जिन्यात अण्णा प्रत्येक पायरीला "सावकाश, सावकाश" म्हणत होते. मुलीला सासरी पाठवताना तरी इतकं म्हणाले असतील की नाही, कोण जाणे. वर आल्यावर म्हणाले, "थांब, जोडून देतो."

आणि मी काय म्हणालो? मी हसलो. वरून म्हणालो, "अण्णा, मी इंजिनिअर आहे. पंधरा वर्षं कॉम्प्युटरवरच पोट भरतोय."

"सरी," म्हणजे बरं, असं अण्णा म्हणाले आणि माझा कन्सोल घेऊन खाली गेले.

मी टेबलाखाली शिरलो. पेटीच्या मागे भोकंच भोकं. स्क्रीनची केबल जिथे बसली तिथे बसवली. बटण दाबलं. स्क्रीन लागली! टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं म्हणून मीच वाजवल्या.

मग गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला.

काय सांगू महाराजा! गाडी आत्ता इथे, आणि पुढच्या क्षणी एकदम वळणाच्या पलीकडे. मधला रस्ता तुम्ही मनात समजून घ्यायचा. ब्रेक दाबला की तो पोचायचा, पण पोस्टानं आल्यासारखा. चित्राचा दर्जा कमी केला. आणखी कमी केला. शेवटी झाडं कोबीसारखी दिसायला लागली, आणि गाडीला चाकं आहेत की विटा, ते कळेना. तरी चाल तीच.

इंटरनेटवर शोधलं. अण्णांच्या पीसीत जे ग्राफिक्स कार्ड होतं, म्हणजे खेळाचं चित्र काढायचा जो मुख्य भाग, त्याची सगळीकडे स्तुती. याच्यावर हा गेम वाऱ्यासारखा पळतो म्हणे! मग माझ्याकडेच का रांगतोय?

आणि तेव्हा माझ्या डोक्यात तो किडा शिरला. अण्णांनी चांगलं कार्ड काढून घेऊन आत भलतंच काहीतरी बसवलं असेल तर?

आता तुम्ही म्हणाल, अण्णांवर संशय? मलाही पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जरा कमी वाटली. त्यात रोज संध्याकाळी खालून आरडाओरडा यायचा. अण्णा आणि त्यांची बायको सरोजा अक्का, दोघं सोफ्यावर बसून माझ्या कन्सोलवर फुटबॉल खेळायचे. "गोल!" असं अक्का ओरडायच्या, की समोरच्या इमारतीचं कुत्रं भुंकायचं. आणि वर मी, चौकोनी चाकांची गाडी ढकलतोय.

जिन्यात अण्णा भेटले. "काय, घोड्यासारखा पळतो की नाही?"

"पळतोय," मी कोरडेपणानं म्हणालो.

"सवय व्हायला वेळ लागतो गा."

मी धावत वर गेलो. "बघितलंस? सवय व्हायला वेळ लागतो म्हणे! याचा अर्थ त्यांना माहीत आहे!"

"याचा अर्थ," मधुरा म्हणाली, "सवय व्हायला वेळ लागतो."

पण ऐकणार कोण? अक्कांनी डबाभर कुंदा पाठवला होता. मी तो खाल्ला. अहो, राग अण्णांवर होता, कुंद्यावर नव्हता! पण डबा परत देताना रिकामा दिला. घरात लाडू होते, तरी रिकामा! मधुराला कळलं तेव्हा ती कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "सुहास, रिकामा डबा? आपल्याकडे भांडण झालं तरी चिमूटभर साखर घालून देतात!"

तिसऱ्या आठवड्यात कळस झाला. आमचा आठ-दहा मराठी घरांचा गट आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाकडे तरी नाश्त्याला जमतो. थालीपीठ, लोणी, गप्पा. कुणीतरी विचारलं, "काय रे, ठरलं का? कन्सोल की पीसी?"

अण्णा शेजारीच बसले होते. आणि मी, सगळ्यांसमोर, हसत हसत बोलून गेलो, "पीसी चांगलाच असतो हो. पण काही लोक पेटी देतात आणि आतला माल काढून ठेवतात."

कुणी हसलं नाही. अण्णांच्या हातातला थालीपिठाचा तुकडा तसाच राहिला. त्यांनी तो ताटलीत ठेवला, हात धुतले आणि अक्कांना म्हणाले, "चल, जाऊया." अक्का माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

घरी येताना मधुरा माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. ती भांडते तेव्हा मला भीती वाटत नाही, अशी पुढे चालायला लागली की वाटते.

दुपारी दारात अण्णा. हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"पेटी टेबलावर घे. उघडून दाखवतो."

मी सगळ्या वायरी उपटल्या, पेटी वर आणून ठेवली. अण्णांनी बाजूचं झाकण काढलं. आत कार्ड होतं. तेच! नाव, नंबर, सगळं तेच. वायरी कशा नीट बांधलेल्या, धुळीचा कण नाही. मला वाटलं, टेबलाखाली शिरावं आणि तिथेच राहावं.

पण मान खाली घालून गप्प बसेन तर मी कसला? म्हणालो, "मग चालत का नाही?"

"काय करूलास त्याच्यावर?" अण्णांनी विचारलं. काय करतोयस, म्हणून. मी परत वायरी जोडल्या आणि गेम लावून दाखवला. विटांच्या चाकांची गाडी कोबीच्या झाडांतून अडखळत निघाली.

अण्णांचा चेहरा असा पडला! माझ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. "माझ्याकडं पळत होतं गा..." ते हळूच म्हणाले. "जिन्यात हिसका बसला असेल. माझ्याच हातनं. चूक माझीच आहे बघ."

ऐकलंत? माझ्याच तोंडावर, चूक माझी म्हणून!

दुसऱ्या दिवशी रजा काढून अण्णा पेटी रिक्षात मांडीवर घेऊन एसपी रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. तिथले दुकानदार त्यांच्या ओळखीचे. त्यांनी पेटी लावली, गेम लावला, आणि घोडा सुटला चौखूर! काही बिघाड नाही. अण्णा आनंदानं परत आले. मी टेबलाखाली शिरून वायरी जोडल्या. गेम लावला.

कोबी.

अण्णा मटकन खाली बसले. "तुमच्या घरात काय भानामती आहे काय की..."

मी विजेचा दोष काढला. मग भिंतीचा. मग हवेचा! पुण्यातल्या कोरड्या हवेत चाललं असतं, इथपर्यंत माझी मजल गेली. अण्णांना मानेमुळे खाली वाकता येत नव्हतं. तेवढ्यात टॉर्च धरून बसलेली मधुरा टेबलामागे वाकली.

"एक विचारू? इथे खाली आडवी चार भोकं आहेत. तिघांना काळ्या टोप्या आहेत, एकच उघडं आहे. ते उघडं का?"

"असेल टोपी पडली," मी म्हणालो.

"की कुणी वापरायला काढली? तुझी स्क्रीनची केबल तर वरच्या भोकात आहे."

अण्णांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "सुहास, वर का लावलायस?"

"वर... बसली म्हणून."

आता हे तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो. खालची भोकं त्या भारी कार्डाची. वरचं भोक साध्या कामाचं, पत्रबित्र टाइप करायचं. मी केबल वर लावली, म्हणजे ते कार्ड तीन आठवडे आत नुसतं बसून होतं. उपाशी नाही, आजारी नाही. फक्त त्याला कुणी काम सांगितलं नव्हतं! आणि हे केलं कुणी? पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या इंजिनिअरनं.

मधुरानं केबल काढून खाली लावली. दोन सेकंद लागले. गेम सुरू झाला आणि... अहाहा! गवताचं पातं न् पातं!

मला अण्णांकडे बघवेना. "अण्णा, मी... त्या दिवशी सगळ्यांसमोर..."

"असू दे की," अण्णा म्हणाले. "आमच्याकडंपण नवीन इंजिनिअर मोजायचं यंत्र उलटं धरतात. शिकतात हळूहळू." आणि उठून गेले. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. थोर माणूस!

पण ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचले असतील-नसतील, खालून आवाज आला, "सरोजाऽ, ऐकलीस काय!" आणि मग दोघांचं जे हसणं सुरू झालं, ते समोरचं कुत्रं भुंकून दमलं तरी थांबलं नाही. खरं सांगू? ते ऐकून मला बरं वाटलं.

पुढच्या नाश्त्याला मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर अण्णांची माफी मागितली. केबलसकट सगळं सांगितलं. अक्कांनी माझ्या ताटलीत स्वतःहून लोणी वाढलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मधुरानं लाडवांचा डबा नेला होता, झाकण लागत नव्हतं इतका भरलेला.

आणि निर्णय? पीसीच. अण्णांचा मी परत दिला. कन्सोल मात्र अक्का सोडेनात. मीही मागितला नाही, कुठल्या तोंडानं मागणार? मग अण्णा स्वतः मला घेऊन एसपी रोडला आले. त्या ओळखीच्या दुकानदारांनी एक एक भाग काढला, अण्णांनी प्रत्येक भाग बोटानं तपासला, आणि माझा स्वतःचा पीसी तयार झाला. दुकानदार माझ्याशी फारच आदरानं बोलत होते. "सार, सार" करत होते. मला बरं वाटलं. शेवटी त्यांनी पेटीच्या मागे एक पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर जाड पेननं कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं. मला वाटलं, वॉरंटीचं असेल.

घरी सगळे बघायला जमले. मी पेटी ऐटीत फिरवून दाखवली. ही पट्टी बघा, दुकानाची खूण, आता हिला हातसुद्धा लावायचा नाही!

अक्का वाकल्या, पट्टी वाचली आणि तोंडाला पदर लावला.

"काय लिहिलंय अक्का? वॉरंटी किती वर्षांची आहे?"

अक्कांना हसू आवरेना. शेवटी अण्णांनीच छताकडे बघत वाचून दाखवलं, "इल्ली बेड, सार."

"म्हणजे?"

"म्हणजे, 'इथं नको, साहेब.'" अण्णांनी बोट ठेवून दाखवलं, तर पट्टी नेमकी त्याच वरच्या भोकावर!

सहा वर्षं मी या शहरात राहतोय हो. दुकानांच्या पाट्या, बसच्या पाट्या, एक अक्षर कधी लागलं नाही. आता कन्नडचं एक वाक्य मी न अडखळता वाचतो.