भावोजींच्या सुटकेसाठी बहरीनला

विमानातून बहरीन पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी शेजाऱ्याला विचारलं, "हा विमानतळ झाला. पण देश कुठे आहे?" तो खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "हाच." खाली पिवळी वाळू, तिच्या कडेने हिरवट समुद्र आणि चारपाच पांढरी घरं. आमच्या कुडाळ तालुक्यात याहून मोठी कातळपठारं आहेत आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

मी काही हौसेने निघालो नव्हतो. मी तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून. माझी धाकटी बहीण नंदा, तिचे यजमान शांताराम हे बहरीनमध्ये ट्रक चालवत. दोनेक वर्षांनी महिनाभर येत, चायना ब्लँकेट आणि सेंटच्या बाटल्या ठेवून परत जात. नंदा इकडे सासूसासऱ्यांचं करत होती, शेती बघत होती, आणि नवरा वाळवंटात करपतोय म्हणून आतल्या आत झुरत होती. "सुखाचा एक घास खाल्ला की त्यांची आठवण येते रे," असं ती मला म्हणायची. म्हणून मी चपला झिजवून आमच्याच कचेरीत भावोजींसाठी शिपायाची जागा मिळवली. कायम नोकरी, पेन्शन, रविवारची सुट्टी! अट एकच, पावसाळ्याच्या आत हजर व्हायचं. भावोजी कळवण्याला दाद देईनात, तेव्हा घरच्यांनी ठरवलं की दादाने स्वतः जावं आणि त्यांना घेऊनच यावं. तिकीट भावोजींनीच पाठवलं. ज्याला सोडवायचं त्याच्याच खर्चाने सोडवायला जाणारा माझ्यासारखा दुसरा कोणी झाला नसेल.

कस्टमच्या टेबलावर माझी बॅग उघडली आणि सुक्या बांगड्यांचा वास सगळ्या हॉलभर पसरला. पांढऱ्या झग्यातला अधिकारी दोन पावलं मागे सरकला. त्याने आमसुलांची पुरचुंडी हातात धरून उलटीसुलटी केली, एक जिभेला लावून बघितलं, डोळे घट्ट मिटले आणि हाताने "यल्ला, यल्ला" (चला, निघा) केलं. कोकणी माणसाला परदेशात प्रवेश मिळवून देणारं आमसुलासारखं दुसरं कागदपत्र नाही.

बाहेर भावोजी उभे. करपलेला, खंगलेला माणूस शोधत मी त्यांच्या अंगावरून पुढे गेलो होतो. त्यांनीच हाक मारली, "ओ दादानू! खंय (कुठे) चाललात?" बघतो तर पोट सुटलेलं, गाल वर आलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. लग्नात याच माणसाला मी "जरा खात जा हो" म्हटलं होतं.

गुदैबिया नावाच्या वस्तीत एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत सहा जणांचा संसार होता. खाली मल्याळी हॉटेल, समोर हिंदी गाण्यांच्या कॅसेटचं दुकान, गल्लीत आपलीच माणसं. परदेशात आल्यासारखं वाटावं म्हणून मी मुद्दाम खिडकीतून मशिदीचा मनोरा बघत बसलो. जेवणात कनाद (आपली सुरमई) आणि नारळाच्या पावडरीचं कालवण होतं. माझी आमसुलं त्यात पडली तेव्हा सहाही जण बोलायचे थांबले. मी ताटावरच विषय काढला. पेन्शन सांगितली, घरभाडं सांगितलं, आजारपणाची रजा सांगितली. भावोजी काटा काढत म्हणाले, "दादानू, आधी माझी गाडी बघा. मगे बोला."

गाडी म्हणजे टँकर. बहरीनमध्ये नळाला पाणी येतं ते मचूळ. त्याने भांडी घासावीत, फार तर अंग ओलं करावं, पण चहा केला तर घोट घशाखाली उतरत नाही. पिण्याचं गोडं पाणी टँकरने घरोघर जातं, आणि तो टँकर आमच्या भावोजींचा. पुढे दोन्ही बाजूंना झेंडूच्या कागदी माळा, आत गणपती, मागे अरबीत काहीतरी लिहिलेलं. "काय लिहिलंय?" मी विचारलं. "काय म्हायत! पण बघून माणसां खूश होतत," भावोजी म्हणाले.

पहाटे टँकर निघायच्या आधी जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. भावोजींनी बोनेटवर विडा ठेवला, चपला काढल्या, हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं (देवाला घालायचं साकडं) सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा गाडी घेवन बाहेर पडतत. वाटेत काय आडवा-तिडवा येयत ता बाजूक कर, आणि गाडी सुखान जाऊन सुखान परत येऊंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मागून गजर झाला. मी दचकून वळलो. आवारातले एकूण एक ड्रायव्हर रांगेत उभे होते. दोन पठाण, एक मल्याळी, एक बलुची म्हातारा. सगळे पायांतल्या चपला काढून! बलुची म्हाताऱ्याला मी हिंदीत विचारलं, "चाचा, आपको मालूम है ये क्या बोलता है?" तो म्हणाला, "नहीं. लेकिन जिस दिन शांता छुट्टी पे था, मेरा दो टायर फटा." एवढा पक्का पुरावा आमच्या कचेरीतसुद्धा कोणी जोडत नाही.

हो, तिथे सगळे त्यांना 'शांता' म्हणत. एवढा मिशाळ बाप्या, आणि गल्लीगल्लीतून "शांता! शांता!" पहिल्या हाकेला मला इतकं हसू आलं की भावोजींनी गिअर टाकता टाकता माझ्याकडे रागाने बघितलं.

हिद्द गावाच्या वाटेवर गोड्या पाण्याचं केंद्र होतं, तिथे टाकी भरून आम्ही फेरीला लागलो. गुदैबियातल्या एका इमारतीखाली हॉर्न वाजला आणि खिडक्या अशा उघडल्या की जणू नवरदेवाची वरात आली आहे. खाली आली ती रोझी नावाची नर्स, वसईची. मला बघून म्हणाली, "तुम्ही यांचे मेव्हणे? न्यायला आलात म्हणे! बघा हां, यांना नेलंत तर आमच्या बिल्डिंगच्या चहाचं पाप तुमच्या डोक्यावर." मी म्हटलं, "बाई, दुसरा ड्रायव्हर येईल." ती म्हणाली, "आला होता की! पाणी आलं, पण दम देत आलं. हे विचारतात, पोराचा ताप उतरला का." माझ्या कचेरीत मी आलो की लोक उठून उभे राहतात खरे, पण माझ्या पोराच्या तापाची चौकशी करायला नाही.

मग बुदैया गावाचा रस्ता. खजुरीच्या बागा, मातीच्या भिंती, मधूनच गाढव, आणि उन्हाचा असा तडाखा की टँकरचा दरवाजा हाताला लागला तर कातडी तिथेच राहावी. मी घामाने निथळत होतो आणि भावोजी गुणगुणत होते. नंदाने हे गुणगुणणं बघितलं असतं तर, असं माझ्या मनात आलं आणि मी ते तिथेच दाबलं.

एका घरी भावोजी वर टाकीवर चढले. आपणही हातभार लावावा, तिकीट फुकट जाऊ नये, अशी मला बुद्धी झाली. मी टँकरच्या मागचं, पाणी सोडायच्या झडपेचं मोठं चाक फिरवलं. पाइप अजून जोडलेलाच नव्हता! पाण्याचा असा लोंढा सुटला की मी वाळूत बसलो आणि माझी एक चप्पल खजुरीच्या बुंध्याशी जाऊन थांबली. आसपासची पोरं कुठून आली देव जाणे, पण क्षणात त्या लोंढ्यात पोहायला लागली. बायका दारात उभ्या राहून काळ्या ओढणीचं टोक तोंडाला लावून हसत होत्या. भावोजींनी उडी मारून चाक बंद केलं तेव्हा अर्धी टाकी वाळूने पिऊन टाकली होती.

मला वाटलं, आता शिव्या बसतील. भावोजी म्हणाले, "दादानू, सरकारी माणसाक ओल्या वाळूत बघूचा भाग्य कोणाच्या नशिबी!" आणि मला उठवलं.

राहिलेलं पाणी कसंबसं पुरवत आम्ही फेरी आटोपली, पण शेवटचं एक घर राहिलं. गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. भावोजींनी गाडी वळवली ती थेट पुन्हा हिद्दच्या दिशेने.

"आता कुठे?" मी विचारलं.

"भरूक."

"अहो, ड्यूटी संपली ना तुमची? उद्या द्या की म्हातारीला. एका दिवसाने काय होतंय?"

"म्हातारी वाट बघीत आसतली."

मी जो मुद्दा इतका वेळ शोधत होतो तो त्यांनीच माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "भावोजी, वाट नंदापण बघते आहे."

मग भावोजींनी चष्मा काढला.

"ता माका म्हायत आसा, दादानू. पण गावात माझी वाट कोणी बघूक नाय. भातगिरणीच्या वट्यावर दिवसभर बसान असायचंय. नंदाच म्हणायची, एकदाचे खंय तरी जावा बाहेर. हयसर (इथे) हॉर्न वाजलो की माणसा दार उघडतत." थोडं थांबून ते हसले. "तुमच्या कचेरीत शिपाय झालंय, तर घंटी वाजल्यार माका उठूक लागतला. हयसर मी वाजवतंय, आणि लोक उठतत."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा अर्ज माझ्यापुढे आला नव्हता, आणि फेटाळायला कोणतंही कलम सुचेना.

म्हातारी खरंच दारात बसली होती. तिने भावोजींच्या हातात खजूर कोंबले, खुबूस (तंदूरची जाड रोटी) आणली, मला तपासून बघितलं आणि अरबीत काहीतरी विचारलं. भावोजींनी माझी चप्पल कशी वाहून गेली ते हातवाऱ्यांनी करून दाखवलं. ती इतकी हसली की तिला खोकला आला. "खलास, शांता, खलास!" (पुरे, पुरे) असं ती ओरडत होती. भावोजी लाजले. माझ्या बहिणीच्या लग्नात हा माणूस असा लाजला नव्हता.

निघताना विमानतळावर भावोजींनी नंदासाठी भरलेली बॅग माझ्या हातात दिली आणि माझा हात सोडेनात. "त्या जागेवर दुसऱ्या कोणाक घ्या. मी येवचंय नाय. पण नंदाक खरा सांगा हां. मी हालात नाय म्हणान. ती उगाच जीव जाळता." मीही म्हटलं, सांगतो. दोघांनाही ते मोठं पुण्याचं काम वाटलं. परतीच्या विमानात मी ते कसं सांगायचं याची मनाशी तालीम करत आलो. माणूस हाती लागला नाही, पण बहिणीच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल, असा माझा हिशोब होता.

घरी पोचलो तेव्हा नंदा खळ्यात वाळवण घालत होती. मी एकटाच येताना बघून ती समजली. हात पुसत ओसरीवर आली आणि तिने एवढंच विचारलं, "कसे आसत?"

मग मी सुरू झालो. बोनेटवरचा विडा, पठाणांचं "होय म्हाराजा", रोझी, म्हातारी, माझी चप्पल. चांगलं रंगवून सांगितलं. सुटलेलं पोटसुद्धा सांगितलं. "नंदे, अगं राजा आहे तो तिथला! पाऊल टाकील तिथे लोक जीव टाकतात. इतका सुखी माणूस मी आपल्या अख्ख्या तालुक्यात बघितला नाही. तू उगाच काळजी करत होतीस."

चपलेच्या गोष्टीला ती हसली होती. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती खांबाला टेकून खाली बसली.

"दादा, ते थंय (तिथे) हालात आसत असा वाटायचा रे, तेव्हा माझे हाल माका कधी जड वाटूक नाय," ती म्हणाली. "दोघा मिळान काढतो असा वाटायचा."

मी भावोजींची बॅग तिच्यापुढे सरकवली, ती तिने बाजूला केली.

"मगे इतकी वर्सा मी एकटीच काढी होतंय म्हण."