बायकांच्या बाजूचं कुलूप

नाटकाला जायचं असेल त्या दिवशी आमच्याकडच्या बायका दुपारनंतर पाणी पीत नसत. हा नियम कुणी केलेला नव्हता. चांगली साडी काढून ठेवायची, तसाच घसाही कोरडा ठेवायचा, इतकं ते अंगवळणी पडलेलं. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या त्या मोठ्या नाट्यगृहात बायकांसाठी दोनच संडास होते. त्यातल्या एकाची कडी तुटलेली, आणि मध्यंतरात रांग जिन्यापर्यंत. नातवंडांनो, तुमच्याकडच्या थिएटरांत काय सोय असते मला ठाऊक नाही. आमच्याकडे काय होतं ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. इतकी वर्षं सोसलं ते चुकलंच, हेही आधीच लिहून टाकते.

मग दुष्काळाची वर्षं आली. हर्सूलच्या तलावात गुरं हिंडू लागली. शहर मात्र वाढतच होतं. काल ज्वारीचं रान होतं तिथं आज कॉलनीची पाटी, आणि पाणी तेवढंच. आमच्या नळाला ते कधी चौथ्या दिवशी येई, कधी आठव्या. अशातच नाट्यगृहात बायकांच्या बाजूला कुलूप लागलं. वर पुठ्ठा: ‘पाण्याअभावी बंद’. पुरुषांची बाजू उघडी होती.

गावची विहीर आटल्यामुळे त्या वर्षी माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणे. सगळा जन्म मेंढरांमागे आणि शेतात गेलेला. साठी उलटल्यावर त्यांनी पहिलं नाटक पाहिलं आणि त्यांना वेडच लागलं. लग्नकार्याला ओढून न्यावं लागे, पण नाटकाला त्या तासभर आधी चपला घालून बसत. पायांच्या सुजेवर डॉक्टरांनी गोळी दिली होती, तिच्यामुळे त्यांना तासातासाला जावं लागे. तहान मारून त्यांचं भागण्यासारखं नव्हतं.

कुलूप दिसलं त्या दिवशी आम्ही मध्यंतरातच निघालो. रिक्षा क्रांती चौकात आली. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “मला नको गं आता नाटक. तू जात जा.”

“असं कसं, आत्याबाई? अर्धं राहिलंय अजून.”

“राहू दे. लई झाली हौस.”

मला रडू आलं नाही, राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या ठोक्याला मी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांसमोर बसले. इंग्रजीत अर्ज लिहून नेला होता, मुद्द्यांना क्रमांक घालून. त्यांनी तो न वाचता चहाच्या कपाखाली ठेवला.

“तीन तासांचा तर प्रश्न आहे, मॅडम. घरूनच जाऊन यावं.”

“पुरुषांनाही घरून जाऊन येता येतं.”

“त्यांना पाणी कमी लागतं.” ते हसले. “बरं, तुम्ही पाणी आणा, मी कुलूप काढतो.”

“रविवारी आणते,” मी म्हटलं, आणि कपाखालून अर्ज काढून घेतला.

घरात पाण्याचा कारभार आत्याबाईंकडे होता. कपडे खळबळलेलं पाणी संडासाच्या पिंपात जाई. त्यातून मी तेलाचे दोन रिकामे कॅन भरून घेतले. गल्लीतल्या चौघींना सांगितलं, त्यांनीही एकेक भरला. रविवारी सकाळी आत्याबाई मात्र तयार होईनात.

“अन् नाय काढलं कुलूप तर?”

“तर दारातच बसू.”

“लोक हसतील की.”

“हसू दे. नाटक विनोदीच आहे.”

त्यांनी न घेता ठेवलेली सकाळची गोळी उचलली आणि घेतली.

दुपारचा प्रयोग होता. दारावरच्या म्हाताऱ्या डोअरकीपरनं हात आडवा घातला. “बाहर का खाना-पीना अंदर नक्को, अम्मा. कायदा है.”

आत्याबाईंनी झाकण काढून कॅन त्याच्या नाकापुढे धरला. “घे, पिऊन बघ.”

साबणाचा वास आल्याबरोबर तो मागे सरला. मागच्या रांगेत हशा पिकला. गलका ऐकून व्यवस्थापक आले.

“मॅडम, मी गमतीनं म्हटलं होतं हो.”

“मी नाही.”

रांग पुढे सरकत नव्हती. शेवटी त्यांनी किल्ली आणवली. दार उघडलं तर आत दोन्ही संडासांपुढे छतापर्यंत घडीच्या खुर्च्या रचलेल्या, वर फ्लेक्सच्या गुंडाळ्या आणि बोटभर धूळ. बायकांची जागा त्यांनी कोठीसारखी वापरली होती. मी पुठ्ठ्यावरची अक्षरं सगळ्यांना ऐकू जातील अशी वाचली.

पहिली घंटा झाली. मी कॅन खाली ठेवला आणि वरची खुर्ची ओढली. दुसरी आमच्या शेजारणीनं घेतली. मग रांगेतल्या अनोळखी बायकाही सिल्कच्या साड्या खोचून पुढे आल्या. दुसऱ्या घंटेपर्यंत सगळ्या खुर्च्या बाहेर होत्या.

“अहो, आता या ठेवू कुठं मी?” व्यवस्थापक म्हणाले.

आत्याबाई आत शिरत होत्या. दार लावता लावता म्हणाल्या, “तुमच्या खोलीत ठेवा. तिथंबी कुलूप हाय की.”

तिसरी घंटा झाली. उशिरा पोचणं मला आयुष्यभर सहन झालेलं नाही, पण त्या दिवशी मी जागची हलले नाही. एकेक बाई जाऊन आली, प्रत्येकीनं मोजकं पाणी ओतलं, आणि मगच आम्ही अंधारात खुर्च्या चाचपत आत गेलो. कुणाचीही माफी मागितली नाही. आत्याबाई मध्ये दोनदा उठल्या, दोन्ही वेळा दार उघडं होतं, आणि परत येऊन त्यांनी मला विचारलं, मधे काय झालं ते.

नाटक संपल्यावर रिकामे कॅन घेऊन आम्ही बाहेर पडलो. डोअरकीपर दाराशीच होता. आत्याबाई त्याच्यापुढे थांबल्या.

“पुढल्या रविवारी काय हाय?”