झऱ्याची ओळ

फिरायचं, लिहायचं आणि लिहिलेलं स्वतःच छापायचं, एवढाच माझा धंदा. लेखक मी, प्रकाशक मी, गठ्ठे बांधून एसटीत टाकणारा हमालही मीच. बालाघाटच्या डोंगरवाटांवरचं पुस्तक छापून झालं होतं, नुसती बांधणी राहिली होती, तेव्हाची ही गोष्ट.

चौसाळ्याजवळच्या आमच्या रानात त्या चैत्रात खतासाठी मेंढरं बसवली होती. मेंढरंवाली मावशी दरसाल येते. तिच्यापुढं मिरवायची मला भारी हौस. पुस्तकाची सुटी पानं घेऊन गेलो आणि बाभळीखाली बसून वाचायला लागलो. ती टकळीवर लोकर कातत ऐकत होती. एका दरीतल्या झऱ्याबद्दल मी लिहिलं होतं, बारा महिने वाहतो, पाणी सोबत नेण्याची गरज नाही.

तिची टकळी थांबली. तिथं कवा गेलता, म्हणाली. मी म्हटलं, दिवाळीत. दिवाळीत तर समद्याच दऱ्यांत पानी असतंय, असं म्हणून तिनं पुन्हा लोकर हातात घेतली. मला असा राग आला! वीस वर्षं डोंगर तुडवतोय, आणि ही मला शिकवणार? तिनं वाद घातला नाही. सगळी वाट तोंडानं सांगितली. कुठल्या वळणावर सावली कधी सरते, कुठल्या डबक्याला मेंढरू तोंड लावत नाही, थोरला लेक कुठल्या खडकाआड जन्मला. मी आ वासून ऐकत राहिलो. माझ्या सगळ्या पुस्तकांत मिळून एवढं नव्हतं.

मग ती हळूच म्हणाली, "त्या झऱ्याच्या भरवशावर आमी गेलतो एकदा. कुनीतरी सांगितलं व्हतं. अकरा मेंढरं तितंच ऱ्हायली. तुमचं वाचून कुनी लेकरंबाळं घिऊन गेलं तर?"

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली आणि दरीत उतरलो. जिथं ओंजळीनं पाणी प्यालो होतो, तिथं पांढरे गोटे तापत पडले होते. आणि माझ्याजवळ पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती. शहाणा मी, माझंच लिहिलेलं खरं धरून गेलो होतो! वर चढेपर्यंत जीभ टाळूला चिकटली. स्वतःची लई लाज वाटली. त्या बाईचे पाय धरावेत, असंही वाटलं.

त्या ओळीसकट सोळा पानांचा अख्खा फर्मा मी रद्दीत घातला आणि नव्यानं छापला. तोवर मावशीचा मुक्काम तलवाड्याकडं हलला होता. विचारत विचारत तिला गाठलं आणि वाचून दाखवलं, "हा झरा उन्हाळ्यात आटतो. पाणी सोबत न्या."

कुठं लिवलंय, दावा म्हणाली. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं. तिनं ते बराच वेळ उचललं नाही.

"आता बांदा पुस्तक," ती म्हणाली.