चुडामणची नावांची यादी

सिंधीपुऱ्यातला चुडामण कचेरीत जुनं दप्तर सांभाळी. त्याला आपल्या यादीचा भारी अभिमान. छप्पन साली नवं राज्य झालं, दप्तरं इकडची तिकडे झाली, तेव्हा गाववार बांधलेले कागदांचे जुने बस्ते मोडून त्यानं दोन वर्षं खपून नावांची यादी केली. नाव सांगा, कागद घ्या. गोष्टी सांगत बसणाऱ्यांची त्याला चीड येई, आणि आमच्याकडची माणसं तर तारीख विचारली की पुराचं साल सांगणार.

डोईफोडियाची धुरपदाबाई तिसऱ्यांदा आली होती. तिच्या लग्नाआधीच बापानं इच्छापुरचं वावर तिच्या नावे लिहून दिलं होतं. बाप गेला, भाऊ गेला, आणि आता भाचा म्हणत होता, असा कागदच नाही. परवा कोर्टात तारीख होती. यादीत सात धुरपदाबाई होत्या, सातही परक्या निघाल्या.

“कागद नसेलच, बाई,” चुडामण म्हणाला.

बाई उठली नाही. उंबऱ्याशी बसून बोलायला लागली. तो तिला घालवणारच होता, पण तिचे भेगाळलेले पाय पाहून त्याला वाईट वाटलं. बोलू दे बिचारीला, म्हणून या वेळी त्यानं तिला तोडलं नाही.

“वावराच्या धुऱ्यावर आंबा लावला त्या दिशी बापानं मले कडेवर घेतलं. म्हने, सोजर, हे वावर तुहं.”

“सोजर कोण?”

“मीच की. धुरपदा तं सासरचं नाव, मांडवात ठेवलेलं.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही नाव इचारलं, मी सांगितलं. ते जुनं नाव आता कोन घेते?”

चुडामण ओशाळला. त्याच्या बायकोचंही नाव लग्नात बदललं होतं, तरी हे सुचू नये? ज्यानं कागद लिहिला त्याच्या तोंडचं नाव हवं, आणि ते अशा गोष्टीतच सापडतं. आणि बाईची गोष्ट तर तो पहिल्या दिवसापासून मध्येच तोडत आला होता.

यादीत सोजर एकच होती. बस्ता सोडला, तर पिवळ्या कागदावर बापाचा अंगठा अजून स्वच्छ. धुरपदाबाईनं त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला आणि डोळे पुसले.

नकलेचा अर्ज चुडामणनं स्वतःच लिहायला घेतला. अर्जदाराच्या नावापाशी सवयीनं ‘धु’ काढला, तशी ती म्हणाली, “सोजर पयले लिहा, साहेब. वावर तिचं हाये.”